तारीख चुकली की नंबर शेवटी

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही. आमच्या रफिकभाईंच्या खोलीत जबड्यांचे प्लास्टरचे साचे जमत जातात, तसे ते जमत जातात. कवळी देऊन झाली की साचा फेकून द्यायचा असतो. रफिकभाई फेकत नाहीत. "रहने दो साहब, किसी का मुँह है!" म्हणतात. आधी फळी भरली, मग कपाटाचा माथा, आता खिडकीतही जबडे बसलेत. प्रत्येकाखाली पेन्सिलीने नाव. चहा प्यायला बसलो की कोणाचं तरी बोट एखाद्या साच्याकडे जातं आणि गप्पा सुरू होतात.

आम्ही तिघं. मी खामगावचा दातांचा डॉक्टर. रफिकभाई कवळ्या तयार करतात आणि गाडीही चालवतात. वैशालीताई नावं लिहिते, हत्यारं उकळते आणि मला जे ऐकायचं नसतं नेमकं ते ऐकवते. महिन्यातून एकदा धाडला शिबिर, एकदा संग्रामपूरला. साठीच्या पुढच्या कोणालाही फक्त सामानाच्या खर्चात कवळी, मग तो कुठल्याही घरचा असो.

कवळी एका दिवसात होत नाही. पहिल्या खेपेला माप. दुसऱ्या खेपेला दोन्ही जबडे कसे मिटतात ते बघायचं. तिसऱ्या खेपेला मेणात रोवलेले दात लावून बघायचे. चौथ्या खेपेला पक्की कवळी. म्हणजे चार महिने, चार चकरा. गर्दी आवरेना, म्हणून मी एक नियम केला आणि वैशालीताईकडून मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावून घेतला : तारीख चुकली की नंबर शेवटी!

त्या नियमाचा मला फार अभिमान होता. आता तो आठवला की हातातला चहा तसाच राहतो.

*

धाडच्या शिबिरात एक आजी खुर्चीत बसल्या. मी म्हटलं, "आजी, आ करा."

आजींनी पदर पुढे ओढला.

सत्तरीची बाई, घाबरली असेल असं वाटलं. "सुई नाही, काही नाही, नुसतं बघायचंय," मी समजावलं. पदर हनुवटीपर्यंत आला! शेवटी वैशालीताईने कान जवळ नेला, तेव्हा आजी पुटपुटल्या, "भासरे बसले ना समोर."

भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. समोरच्या बाकावर पंचाऐंशीचे एक बाबा काठीवर हनुवटी टेकून आपल्या नंबरची वाट बघत बसले होते. पन्नास वर्षं एका घरात राहून या बाईने त्यांच्यासमोर चेहरा उघडा केला नव्हता, आणि मी म्हणत होतो, मोठा आ करा!

बाबांना बाहेर बसायला सांगणार, तेवढ्यात बाबाच ओरडले, "तिले म्हना उघड तोंड! मले दोन्ही डोयात मोतीबिंदू हाये, काईच दिसत नाई!"

सगळी खोली हसली. आजी हसल्या नाहीत. वैशालीताईने गाडीतली चादर आणून दोरीवर टाकली, आडोसा केला, तेव्हा कुठे पदर मागे गेला.

परतताना वैशालीताई म्हणाली, "सर, आधीच्या शिबिरांत किती बायका 'काई दुखत नाई' म्हणून उठून गेल्या, आठवतं?"

आठवत होतं. त्यांच्या नावापुढे आम्ही वहीत 'तक्रार नाही' असं लिहिलं होतं.

*

संग्रामपूरचं शिबिर बाजाराच्या दिवशी घ्यायचं, ही माझी कल्पना. त्या दिवशी माणसं तालुक्याला येतातच, वेगळी चक्कर नको. घ्यायला येणाऱ्यांसाठी ती कल्पना बरोबर होती. विकायला बसणाऱ्यांचा विचार माझ्या डोक्यातच आला नाही.

गोदाबाई विकायला बसणारी. बाजारात तिचं फुटाण्यांचं दुकान. घरच्या भट्टीवर वाळूत स्वतः चणे भाजायची आणि टोपलं घेऊन यायची. तोंडात एकही दात नाही.

"किती वर्षं झाली, आजी?"

"आठ तरी झाले असतीन."

"मग आत्ताच कशी आठवण झाली?"

"अवो, फुटाना चाखाले पाह्यजे ना, डाक्टर! कच्चा का पक्का, ते डोयाले नाई समजत. दातालेच समजते."

मग तिने मला फुटाणा शिकवला. वरून सगळे सारखेच दिसतात. आतून कच्चा राहिला तर चिवट लागतो. पक्का असला की दाताखाली आवाज करतो. दात गेल्यापासून प्रत्येक घाण्यातला, म्हणजे एका वेळच्या भाजणीतला, एक दाणा शेजारची हसीनाबी चावून सांगायची. हसीनाबीचं बांगड्यांचं दुकान तिच्या दुकानाला लागून. ती पण सोबत आलीच होती.

"पन इले सगळेच पक्के लागतेत!" गोदाबाई म्हणाली. "गिऱ्हाईक तुटून राह्यलं माहं, अन् हे म्हन्ते, झकास हायेत!"

"मंग काय सांगू, डाक्टरसाब?" हसीनाबी म्हणाली. "इतला धूर खाऊन भाजते बिचारी. तोंडावर कच्चे कसे म्हनू?"

"म्हनून म्हन्तो, माहे मले दात द्या," गोदाबाई म्हणाली. "मंग कोनाले इचाराचं कामच नाई."

माप देऊन जाताना तिने टेबलावर एक पुडी ठेवली. "आजच खा बरं. सादळले का मंग दाताले बी काई समजत नाई."

गाडीत रफिकभाईंनी पुडी सोडली, दोन दाणे चावले आणि हळूच म्हणाले, "साहब, कच्चे हैं."

आम्ही तिघंही हसलो.

*

नामदेवराव हिवराळे खामगावच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. आता लेकीकडे धाडला असतात. पक्की कवळी घेऊन गेले आणि पुढच्या महिन्यात दाखवायला आले. मी कवळी हातात घेतली तर आतल्या बाजूने ती घासलेली!

"हे कोणी केलं?"

"मीच. रुतत होती."

"कशाने?"

"बारीक कानशीनं."

माझा पारा चढला. "बाबा, हे काय मशीन आहे का?"

नामदेवराव शांत. "नातीची काजयाची डबी घेतली. कवळीले आतून काजय लावलं, घातली, काढली. जिथं काजय पुसलं तिथं ते रुतते. तेवढंच घासाचं. बेअरिंग असंच बसवते, डाक्टर."

आम्ही दवाखान्यात हेच करतो, फक्त काजळाच्या जागी आमचा लेप असतो आणि त्याला मोठं नाव असतं. रफिकभाईंनी कवळी उलटीसुलटी करून पाहिली आणि मान हलवली. "साहब, हमसे अच्छा बिठाया है!"

मीही हसलो. मग विचारलं, "पण कानस घ्यायच्या आधी एक फोन करायचा ना!"

"कुठी करू? तुमच्या चिठ्ठीवर नंबरच नाई. वीस दिवस वाट पाह्यली, पेज पेली. मंग म्हनलं, जाऊ दे."

मी चिठ्ठी मागून घेतली. तिच्यावर पुढची तारीख होती आणि खाली नियम. बाकी काही नव्हतं.

*

दुसऱ्या खेपेला गोदाबाई आली तेव्हा सव्वादोन वाजले होते. शिबिर दोनला संपतं. रफिकभाई खुर्ची दुमडत होते.

"गिऱ्हाईक होतं बापा," ती धापा टाकत म्हणाली. "हसीना बी तिच्या गिऱ्हाइकात. टोपलं टाकून कशी येऊ?"

मी भिंतीकडे बोट केलं. गोदाबाईने भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला वाचता येत नव्हतं. वैशालीताईने वाचून दाखवलं. फार सावकाश वाचलं, आणि वाचताना भिंतीकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

"शेवटी म्हंजे कधी?"

"पाच महिने लागतील," मी म्हणालो.

"सर, पाच मिनिटांचं काम आहे," वैशालीताई म्हणाली.

"आज एकाला सूट दिली की उद्या सगळेच दोननंतर येतील!" हे वाक्य मी मोठ्याने म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

गोदाबाई भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "बरं. नियम हाये तं हाये." पुडी मात्र ठेवून गेली.

त्या दिवशी मला कुठे जायचं होतं, कसली घाई होती, मी पुष्कळ आठवून बघितलं. काही घाई नव्हती.

*

धाडला एकदा गावकऱ्यांनी शिबिरानंतर जेवण दिलं. नवी कवळी मिळालेली सगळी म्हातारी मंडळी एका पंगतीत. मला कोण कौतुक! पोळ्या आल्या, वांग्याची भाजी आली, आणि सगळ्यांनी एकेक करून दात काढले, पुसले, रुमालात गुंडाळले, खिशात ठेवले आणि पोळी वरणात चुरायला घेतली.

"अहो बाबा, हे काय?"

"जेवताना घान होतेत ना, डाक्टर!"

"मग घालता कधी?"

"फोटोले!"

आणि खरंच, जेवण झाल्यावर सगळ्यांनी दात घातले आणि वैशालीताईच्या मोबाइलकडे बघून झकास हसले.

चूक त्यांची नव्हती. कवळी स्वच्छ ठेवा, ब्रश करा, पाण्यात ठेवा, हे आम्ही दहादा बजावलं होतं. या दातांनी जेवा, हे कोणी सांगितलंच नव्हतं. तो फोटो अजून माझ्या दवाखान्यात आहे. पेशंट म्हणतात, किती आनंदी दिसतात सगळे.

*

एक रिटायर्ड बाबा हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले. खिडकीतल्या माणसाने फोटो पाहिला, बाबांना पाहिलं. गाल भरलेले, ओठ पुढे आलेले. "फोटोतला माणूस तुम्ही नाही वाटत."

"मीच होय."

"नाही वाटत हो!"

बाबांनी वरची कवळी काढली, खालची काढली, दोन्ही खिडकीत ठेवल्या आणि तोंड मिटून उभे राहिले.

"हां!" तो माणूस म्हणाला. "आता तुम्हीच!"

आम्हाला सांगताना बाबा पोट धरून हसत होते. "म्हंजे बिनदाताचाच मी खरा बापा!" पुढे कधी त्यांना कवळी घातलेलं पाहिलं नाही. दाखला दरवर्षी द्यावा लागतो, म्हणाले, चेहऱ्याची सवय मोडायला नको.

*

पाच महिन्यांनी गोदाबाईचा नंबर आला. आता ती टोपलं हसीनाबीवर सोपवून दार उघडायच्या आधी पायरीवर हजर असायची. बाजारात प्लास्टिकच्या पाकिटातले फुटाणे विकणारा एक जण आला होता, तिचं निम्मं गिऱ्हाईक तिकडे गेलं होतं. हे तिने नाही सांगितलं, हसीनाबीने सांगितलं.

जबड्यांची खेप झाली. पुढच्या महिन्यात मेणातले दात. मी ते तिच्या तोंडात बसवले, आरसा दिला आणि बजावलं, "आजी, हे नुसतं मेण आहे. यात काही चावायचं नाही. अजिबात नाही."

"हाव."

मी वहीत लिहायला पाठ फिरवली आणि मागून आवाज आला. कट्!

वळून बघतो तर गोदाबाईचा हात पदराच्या गाठीत, आणि मेणातले दात एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन आत बुडालेले! रफिकभाईंची दोन दिवसांची मेहनत. मी असा ओरडलो की बाहेरच्या रांगेतली माणसं आत डोकावली. "सांगितलं होतं ना! लहान आहात का तुम्ही?"

गोदाबाई त्या वाकड्यातिकड्या दातांनी हसत होती. "पन कच्चा होता, डाक्टर! समजलं मले! दातालेच समजलं!"

एवढा आनंद मी त्या खुर्चीत दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही. आणि मी घड्याळ बघत होतो.

"साहब, एक घंटा दो," रफिकभाई म्हणाले. "यहीं बैठके फिर से जमा देता हूँ."

दोन वाजायला आले होते. मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात."

*

पुढच्या महिन्यात मेणातले दात नीट बसले. त्याच्या पुढच्या महिन्यात पक्की कवळी द्यायची होती. रफिकभाईंनी ती घासूनपुसून डबीत ठेवली, वर नाव लिहिलं. गुलाबी हिरड्या, बारीक दात, त्यांच्या हातची सगळ्यात सुरेख कवळी.

आणि त्याच दिवशी बुलडाण्याला आमचा सत्कार ठरला! ज्येष्ठांची सेवा केल्याबद्दल. मी आयोजकांना दुसरी तारीख मागू शकलो असतो. मागितली नाही. शिबिर रद्द केलं. ज्यांचे फोन होते त्यांना वैशालीताईने कळवलं, आणि संग्रामपूरच्या खोलीच्या दारावर एक कागद लावून घेतला. गोदाबाईकडे फोन नव्हता. आणि कागद तिच्या काय कामाचा, हे मला त्या दिवशी सुचलं नाही.

मी भाषणही केलं. दुर्लक्षित ज्येष्ठांविषयी बोललो, टाळ्या पडल्या. गोदाबाईची कवळी बाहेर गाडीत, डबीत होती.

परतीच्या रस्त्यावर शाल माझ्या मांडीवर होती. वैशालीताई म्हणाली, "सर, आज आपली तारीख चुकली. आपला नंबर कुठे लावू?"



*

पुढच्या महिन्यात, बाजाराच्या दिवशी आम्ही तासभर आधी पोचलो. दारावर कागद अजून होता, एका कोपऱ्याने लोंबत. मी आधी तो काढला, मग भिंतीवरचा नियम काढला. गोदाबाईची डबी टेबलावर सगळ्यात पुढे ठेवली.

पायरीवर कोणी नव्हतं. बारा वाजले, एक वाजला. वैशालीताईला बाजारात पाठवलं. ती हसीनाबीला घेऊन आली.

हसीनाबी खुर्चीत बसली नाही, रांगेच्या बाकावर बसली. "गोदा गेली, डाक्टरसाब. ताप आलता. चार दिवस होती, मंग गेली."

वैशालीताई खिडकीकडे वळली.

"मांगच्या महिन्यात तुमच्या तारखेले सकायपासून तुमच्या पायरीवर बसली होती," हसीनाबी म्हणाली. "खास घाना भाजून आनला होता. मले एक दाना चाखू देल्ला नाई! म्हने, आज मी सोता चावतो. चार वाजेपर्यंत बसली. कोनीतरी कागद वाचून सांगतला, मंग उठली. पुडी माह्याजोळ देल्ली. म्हने ठेव, पुढच्या महिन्यात डाक्टर येतीन, तवा पाहू."

तिने बटव्यातून पुडी काढली. बांगड्या गुंडाळायच्या कागदात आणखी एकदा नीट बांधलेली.

"तापात म्हने, आता माह्याच्यानं तं होत नाई. डाक्टरले दे. त्याइचे दात चांगले हायेत. त्याइले चावाले लाव अन् इचार."

मी पुडी सोडली. रफिकभाई जवळ येऊन उभे राहिले. मी एक दाणा तोंडात टाकला आणि चावला. महिनाभर पुडीत राहून सादळला होता. दाताखाली आवाज आलाच नाही. दुसरा घेतला. तोही तसाच.

हसीनाबी बाकावरून पुढे वाकली होती.

"काय हाये, डाक्टरसाब? कच्चा का पक्का? खरं सांगजा. उद्या तेरवी हाये, तिच्या फोटोपुढं जाऊन सांगाचं हाये मले."